कानावरची बी आणि सिगरेटची तलफ

मोहरीच्या दाण्याएवढी गोल, काळपट बी. ती मधोमध धरून ठेवणारा चिकटपट्टीचा छोटा चौकोन. हा चौकोन कानाच्या ठरावीक जागी लावायचा आणि तलफ आली की कान चिमटीत धरून ती बी दाबायची. चीन, तैवान, हाँगकाँग आणि कोरियात सिगरेट सोडू पाहणाऱ्यांना हा उपचार दिला जातो. तैवानमध्ये महाविद्यालयीन मुलामुलींवर त्याचे प्रयोगही झाले आहेत. सुई नाही, गोळी नाही, पथ्य नाही आणि खर्चही जवळजवळ नाही. त्यामुळे तरुण मुलींची सिगरेट सोडवण्यासाठी हा मार्ग वापरावा का, असा प्रश्न वारंवार पुढे येतो.

उपलब्ध पुरावा वाचून माझं मत असं झालं आहे. पहिले काही आठवडे सुसह्य व्हायला या बीची मदत होत असावी. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सिगरेट सुटलेलीच राहील, असं मात्र निव्वळ तिच्या भरवशावर सांगता येत नाही. तरीही तरुण स्त्रियांच्या बाबतीत हा उपचार बाजूला सारू नये असं मला वाटतं. त्याची कारणं कानाच्या नकाशात कमी आणि त्या मुलींच्या परिस्थितीत जास्त आहेत.

आधी प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. बी असते व्हॅकारिया नावाच्या रोपाची. चिनी औषधांच्या दुकानात ती पट्टीवर चिकटवूनच मिळते. काही जण तिच्याऐवजी बारीक पोलादी किंवा चुंबकी मणी वापरतात. उपचार करणारी व्यक्ती कान स्पिरिटने पुसून कोरडा करते. मग बोथट टोकाच्या सळईने एकेक जागा हलकेच दाबत कुठे जास्त दुखतं ते विचारते. जिथे रुग्ण 'इथे' म्हणून दचकते, तिथे पट्टी बसते. सिगरेटसाठी नेहमी निवडले जाणारे बिंदू चार-पाच आहेत. 'शेनमेन' हा त्यातला मुख्य. आपल्याकडे बुगडी घालतात त्या कडेच्या आत एक त्रिकोणी खळगा असतो, हा बिंदू तिथे आहे. फुफ्फुसाचा बिंदू कानाच्या भोकाबाहेरच्या खोलगट भागात आणि तोंडाचा भोकाला अगदी लागून. शिवाय भुकेचा, यकृताचा असे आणखी काही, ज्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे. दिवसातून तीन-चार वेळा आणि तलफ येईल तेव्हा प्रत्येक बी मिनिटभर दाबायची. कान गरम व्हावा, थोडा ठणकावा, पण कातडी सोलवटू नये एवढाच जोर द्यायचा. चार-सहा दिवसांनी पट्टी काढून दुसऱ्या कानावर नवी लावतात आणि पहिल्या कानाला विश्रांती देतात.

आपल्याकडच्या अॅक्युप्रेशर शिबिरांत कानाचा हा नकाशा हजारो वर्षं जुना म्हणून सांगितला जातो. ते खरं नाही. कानाचा शरीराशी संबंध प्राचीन चिनी वैद्यकग्रंथांत सांगितला आहे, पण संपूर्ण शरीर कानावर उलट्या गर्भासारखं मांडलेलं असतं ही कल्पना फ्रान्समधल्या लिओं शहरातले डॉक्टर पॉल नोजिए यांची आहे. साधारण 1950 च्या सुमाराला त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसू लागल्या. मांडीतून पायात उतरणारी कळ थांबावी म्हणून एका लोकवैद्य बाईने ते कान डागले होते आणि आराम पडल्याचं रुग्ण सांगत होते. नोजिए यांनी त्यावर विचार करून नकाशा काढला आणि 1957 मध्ये तो प्रसिद्ध केला. चीनमध्ये तो लगेच उचलला गेला, तपासला गेला आणि तिथल्या बिंदूंशी जोडून वाढवला गेला. आज फ्रेंच आणि चिनी नकाशे काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी नाही. हे न जुळणं गंभीर आहे. एकाच अवयवाचा बिंदू दोन पद्धतींत दोन ठिकाणी असेल आणि दोन्हीकडे गुण येत असेल, तर बिंदूच्या नेमकेपणाबद्दल शंका घ्यायलाच हवी.

व्यसनाशी कानाचा संबंध जुळला तो हाँगकाँगमध्ये, तोही योगायोगाने. 1972 मध्ये तिथल्या क्वाँग वाह रुग्णालयातले मेंदूशल्यविशारद डॉ. वेन शस्त्रक्रियेतल्या वेदना कमी करण्यासाठी सुयांमधून सौम्य वीजप्रवाह देऊन पाहत होते. रुग्णांमध्ये अफूचं व्यसन असलेले लोक होते. अफू बंद झाल्यावर होणारा त्रास या प्रवाहाने उतरला, असं त्यांनी सांगितलं. वेन यांनी पुढच्याच वर्षी 40 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथून ही पद्धत न्यूयॉर्कच्या साऊथ ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलमध्ये पोचली. गरीब वस्तीतल्या हेरॉइनग्रस्तांना तिथे रोज कानाच्या पाच बिंदूंवर सुया लावून शांत बसवलं जाई. डॉ. मायकेल स्मिथ यांनी या पाच बिंदूंचा आराखडा पक्का केला आणि 1985 मध्ये त्याच्या प्रसारासाठी संघटना उभी राहिली. सिगरेटसाठीचा कानाचा उपचार याच घराण्यातला.

कानावर दाबल्याने तलफ का कमी व्हावी? एक उत्तर शरीररचनेतून मिळतं. मेंदूतून निघून हृदय, फुफ्फुसं आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूची एक लहान शाखा कानाच्या खोलगट भागातल्या कातडीत पसरलेली असते. कान साफ करताना काही जणांना एकाएकी ठसका लागतो, तो याच शाखेमुळे. म्हणजे कानाच्या त्या भागातला स्पर्श मेंदूच्या देठापर्यंत जातो, एवढं निश्चित. तिथून नाडीचा वेग, श्वास, अस्वस्थता यांवर परिणाम होऊ शकतो. दाबल्याने होणारं दुखणं शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यंही मोकळी करत असावं. दुसरं उत्तर याहून साधं आहे. सिगरेटच्या तलफेची एक लाट सहसा तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात हाताला काम असलं, लक्ष दुसऱ्या एका नेमक्या जागी गेलं आणि थोडी वेदना जाणवली, तर लाट ओसरायला वेळ मिळतो. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. दुसरंच जास्त खरं असेल, तर मात्र बी नेमकी कोणत्या बिंदूवर आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

चाचण्यांकडे वळल्यावर हाच गुंता दिसतो. 2014 मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी सुया, दाब, लेसर, वीजप्रवाह अशा सगळ्या पद्धतींच्या 38 चाचण्या एकत्र तपासल्या. सुया टोचलेल्यांत नजीकच्या काळात सिगरेट सोडणाऱ्यांचं प्रमाण बनावट उपचार मिळालेल्यांच्या 1.22 पट निघालं. सहा महिन्यांच्या पुढे ते 1.10 पट झालं, आणि हा फरक केवळ योगायोगाचाही असू शकत होता. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम यांच्या तुलनेत सुया मागे पडल्या. दाबाच्या उपचाराच्या फक्त तीन चाचण्या हाती आल्या, तिन्ही फार लहान. त्यांत नजीकच्या काळातला परिणाम बनावट दाबाच्या 2.54 पट दिसला. आकडा डोळ्यांत भरतो, पण त्याची शक्य मर्यादा 1.27 पासून 5.08 पर्यंत पसरली होती, आणि सहा महिन्यांनंतर काय झालं हे त्या तिन्हींपैकी एकाही चाचणीत मोजलेलं नव्हतं. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका गटाने फक्त कानाच्या उपचारांच्या 25 चाचण्या तपासून जास्त अनुकूल निष्कर्ष काढला. त्यांच्या मते फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकतो.

सुट्या चाचण्या वाचल्या की चित्र आणखी कळतं. ब्रिटनमध्ये 1998 साली 78 जणांवर झालेली एक चाचणी या पद्धतीचे समर्थक नेहमी पुढे करतात. एका गटाला कानाच्या फुफ्फुस-बिंदूवर वीजप्रवाह दिला आणि नंतर तिथेच बारीक सुई ठेवून तलफ आली की दाबायला सांगितलं. दुसऱ्या गटाला तेच गुडघ्याच्या वाटीवर. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले 12.5 टक्के लोक सिगरेटविना होते, दुसऱ्या गटात एकही नाही. पण ही माणसं इतकी थोडी आहेत की चार-पाच जण इकडचे तिकडे झाले तर निकाल बदलेल. उलट तैवानमधल्या 131 प्रौढांच्या चाचणीत दोन्ही गटांच्या सिगरेटी कमी झाल्या आणि सहा महिन्यांनी सोडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक राहिला नाही. तिथला बनावट उपचारसुद्धा कानावरच होता. कोरियात शाळकरी वयाच्या 238 मुलांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर जवळजवळ कुणीच सिगरेट सोडली नाही, ना खऱ्या बिंदूवाल्यांनी ना खोट्या. ज्याला सोडायचीच नाही त्याच्या कानाला हात लावून काही होत नाही, हे त्यातून उघड झालं.

लहान चाचणीत आशा आणि मोठ्या चाचणीत निराशा, हा अनुभव या क्षेत्राला नवा नाही. कोकेनच्या व्यसनावर येल विद्यापीठात 82 रुग्णांवर कानाच्या सुयांचा उत्तम परिणाम दिसला होता. मग 620 रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि 2002 मध्ये तिचा निकाल आला. खऱ्या सुया, भलत्या जागच्या सुया आणि नुसतं शांत बसून चित्रफीत पाहणं, तिन्हींचा परिणाम सारखाच निघाला. सिगरेटच्या बाबतीत एवढी मोठी, काटेकोर चाचणी तरुण स्त्रियांवर व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत लहान चाचण्यांचे आकडे जाहिरातीत वापरणं अप्रामाणिकपणाचं आहे.

निकाल वाचताना एक मोजमाप तपासायलाच हवं. 'सिगरेट सुटली' हे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवलं, की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किंवा लघवीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिन मोडून बनणारं द्रव्य, तपासून? श्वासाची तपासणी साधारण एका दिवसापुरतंच सांगते, कोटिनिन काही दिवसांचं. आणि मुदत किमान सहा महिन्यांची हवी, हा या क्षेत्रातला रूढ निकष आहे. कुणाच्याही मदतीशिवाय सिगरेट सोडणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी ते वर्षाने 3 ते 5 टक्केच टिकलेले असतात. तीन आठवड्यांच्या यशाची कहाणी म्हणूनच अपुरी आहे.

आता तरुण स्त्रियांकडे. त्यांच्यासाठी वेगळा विचार का करायचा, याला शरीराचंही कारण आहे. स्त्रियांच्या यकृतात निकोटिन पुरुषांपेक्षा वेगाने मोडतं आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणखी वेगाने. सॅन फ्रान्सिस्कोचे नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हे दाखवून दिलं. रक्तातलं निकोटिन लवकर उतरलं की पुढची तलफही लवकर येते. पिट्सबर्गचे केनेथ पर्किन्स यांचं काम दुसऱ्या बाजूचं आहे. त्यांच्या प्रयोगांत स्त्रियांना निकोटिनच्या मात्रेपेक्षा सिगरेटचा वास, चव, बोटांत धरण्याची सवय आणि सोबतची माणसं यांची ओढ पुरुषांहून जास्त दिसली. हे खरं असेल, तर फक्त निकोटिन पुरवणारी पट्टी त्यांच्या गरजेचा एकच भाग भागवते. हाताला आणि लक्षाला काही देणारी गोष्ट सोबत हवी. कानावरची बी नेमकं तेच देते. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण मला तो वजनदार वाटतो.

मग वजनाची भीती. सिगरेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी 4 ते 5 किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. ही भीती मुलींच्या मनात आपोआप उगवलेली नाही, ती विकली गेली आहे. 1928 मध्ये लकी स्ट्राइकच्या जाहिराती अमेरिकन स्त्रियांना गोड खाण्याऐवजी सिगरेट ओढायला सांगत होत्या. पुढच्याच वर्षी जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेझ यांनी न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना सिगरेट ओढत चालायला लावून ती स्वातंत्र्याची मशाल असल्याचं भासवलं. 1968 मध्ये व्हर्जिनिया स्लिम्स आली, नावातच सडपातळपणा घेऊन. आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या गोल्डन टोबॅकोने 'एमएस' नावाची खास स्त्रियांची सिगरेट बाजारात आणली आणि स्त्रीसंघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बारीक राहायचं तर ओढत राहा, हा संदेश तीन पिढ्या मुलींच्या कानी घातला गेला. कानाचे उपचार करणारे भुकेचा बिंदूही दाबायला सांगतात. त्याने वजन रोखलं जातं याचा पुरावा कच्चा आहे, पण सिगरेट सोडू पाहणाऱ्या मुलीशी वजनाबद्दल उघड बोललं जातं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. कित्येक डॉक्टर तो विषय काढतच नाहीत, किंवा 'कॅन्सरपेक्षा दोन किलो बरे' म्हणून उडवून लावतात.

सगळ्यात मोठी अडचण लपवाछपवीची. कोरियात राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या स्त्रियांनी दिलेली उत्तरं आणि त्यांच्या लघवीतलं कोटिनिन ताडून पाहिलं, तेव्हा प्रत्यक्ष धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया सांगितलेल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त निघाल्या. पुरुषांच्या आकड्यांत असा फरक नव्हता. ज्या समाजात मुलीची सिगरेट म्हणजे तिच्या चारित्र्यावरचा शेरा, तिथे ती खोटं बोलणार आणि मदतही मागणार नाही. भारतातली 2016-17 ची प्रौढ तंबाखू पाहणी 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करतात असं सांगते, महाराष्ट्रात 1.4 टक्के. मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या आवाराबाहेरच्या टपऱ्या पाहिल्या तर शहरी तरुणींबद्दल हा आकडा पुरेसं सांगतो असं वाटत नाही. आणि लपवण्याची किंमत शरीर मोजतं. इस्ट्रोजेनची गोळी आणि सिगरेट एकत्र आल्या की रक्तात गाठी होण्याचा, पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. 35 वर्षांवरच्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला तर ती गोळी देऊ नये असा संकेत आहे. आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना डॉक्टरने 'सिगरेट ओढतेस का?' विचारलं, तर खरं उत्तर कसं मिळणार?

कानाच्या उपचाराचं मला दिसलेलं खरं बळ इथे आहे. पट्टी बदलायला दर आठवड्याला जावं लागतं. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी एकांतात विचारतं, 'या आठवड्यात किती ओढल्यास? कधी ओढावीशी वाटली?' तेही न रागावता, कानाला हात लावून. व्यसनमुक्ती केंद्राची पाटी असलेल्या दारातून आत जायला जी मुलगी धजावणार नाही, ती 'अॅक्युप्रेशरला जाते' असं घरी सहज सांगू शकते. केसांखाली झाकलेला तो चौकोन कुणाला दिसत नाही, दिसलाच तर डोकेदुखीचा म्हणता येतो. चाचण्यांत या भेटीचा परिणाम वजा करायचा असतो, म्हणून दोन्ही गटांना ती सारखीच दिली जाते. उपचाराचा विचार करताना मात्र तो वजा करणं वेडेपणाचं आहे.

म्हणून कानावरची बी इतर उपायांऐवजी नव्हे, त्यांच्या जोडीला वापरावी. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम यश साधारण दीडपट करतात, व्हॅरेनिक्लिन हे औषध दुपटीहून जास्त. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांवर लोकांच्या चाचणीत व्हॅरेनिक्लिनमुळे मानसिक त्रास वाढतो ही भीतीही खरी ठरली नाही. कानावर बी लावणाऱ्या कुणी 'आता गोळ्या-पट्ट्या नकोत' असं सांगितलं, तर तिथून उठावं. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच नको. एकरकमी पॅकेज घेऊ नये. बी कातडीला भोक पाडत नाही ही तिची जमेची बाजू. कानात ठेवायच्या सुयांनी कूर्चेत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तो लवकर बरा होत नाही. बीने होतो तो त्रास म्हणजे खाज, लाली, पट्टीची अॅलर्जी, त्या कुशीवर झोपताना दुखणं. गरोदरपणात काही बिंदू टाळण्याची पारंपरिक सूचना आहे. दिवस राहिले असल्याची शंका असली तर आधी सांगावं, आणि औषधांबद्दल तर डॉक्टरलाच विचारावं.

महाराष्ट्रापुरती आणखी एक बाजू आहे. इथल्या स्त्रियांची तंबाखू मुख्यतः सिगरेटमधून येत नाही. 2016-17 च्या त्याच तंबाखू पाहणीत राज्यातल्या 17 टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या, म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांच्या दहापटीहून जास्त. ती मिश्री आहे, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आहे. सकाळी दात घासायच्या निमित्ताने तळहातावर घेतलेली मिश्री हिरड्यांवर तासभर राहते. तरुण सुना सासूकडून ती उचलतात. सिगरेटवाल्या मुलीला एकांताची जेवढी गरज, तेवढीच या स्त्रीला कुणीतरी दर आठवड्याला विचारण्याची.

त्यामुळे इथे चाचणी व्हायची असेल तर ती दोघींना घेऊन व्हावी. एका गटाला दर आठवड्याची भेट आणि सल्ला, दुसऱ्याला तीच भेट आणि कानावर बी, तिसऱ्याला तीच भेट आणि भलत्या जागी बी. गरज असेल तिला निकोटिनचं च्युइंगगम तिन्ही गटांत. सहा महिन्यांनी कोटिनिन तपासायचं. बियांचा खर्च नगण्य आहे. खर्च आहे तो बसून बोलणाऱ्या माणसाचा, आणि राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातल्या जिल्हा पातळीवरच्या तंबाखूमुक्ती केंद्रांत समुपदेशकाची तरतूद आहेच. तोवर ज्या मुलीला आजच सोडायची आहे तिच्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय मदतक्रमांक मोफत आहे. फोनवर बोलायला कुणाला बरोबर न्यावं लागत नाही.